अनुभव धागा: लेकराबाळांसह तंबूत मुक्काम. जागा काय बघून ठरवली?

मागच्या डिसेंबरात आम्ही संभाजीनगरहून दोन लेकरं आणि सासूबाईंना घेऊन एका ‘फॅमिली कॅम्पिंग’ला गेलो. फोटोत तळं, रंगीत तंबू, झाडांवर दिव्यांच्या माळा. पोचलो तर सगळं तसंच होतं, खोटं काहीच नव्हतं. फक्त संडास तंबूपासून दीडशे पावलांवर, मधे एक दिवा नाही, आणि आत झोपायला जमिनीवरच्या पातळ गाद्या. सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेले. रात्री दोनदा त्यांना धरून उठवलं, मोबाइलच्या उजेडात नेऊन आणलं. सकाळी चहा पिताना एवढंच म्हणाल्या, “तळं चांगलंय गं, पण मला पुन्हा नको आणू.”

जागेचं नाव सांगत नाही. चूक माझीही होती, मी फोनवर फक्त जेवणात काय असतं ते विचारलं. येत्या हिवाळ्यात पुन्हा जायचंय, आणि त्यांना घेऊनच. तुम्ही काय बघून जागा निवडता, कुठं फसलात, ते लिहा. जाहिरात नको.

परभणीहून, बँकेतला नोकरदार

माझा पहिला प्रश्न कायम एकच: पाणी कशाचं? विहीर, बोअर की टँकर? मराठवाड्यात फेब्रुवारीनंतर हे उत्तर बदलतं. दिवाळीत भरलेलं तळं मार्चमध्ये चिखलाचं डबकं होतं आणि वेबसाइटवर फोटो दिवाळीचाच राहतो. एप्रिल-मेमध्ये तर जाऊच नका, दिवसा ४२ अंश आणि तंबू म्हणजे भट्टी. उलट डिसेंबर-जानेवारीत आमच्या परभणीत पारा दहाच्या खाली उतरतो, आणि लोक पुण्या-मुंबईची पातळ पांघरुणं घेऊन येतात. घरच्या गोधड्या न्या. डिकीत जागा खातात, खाऊ द्या.

कन्नडकडून, शेतात चार तंबू लावणारा

मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे जागा देणारा. खरं सांगतो, गिऱ्हाईक जमिनीबद्दल कधीच विचारत नाही. काळ्या रानात खुंट्या सहज जातात, दिसायला सगळं झकास. पण अवकाळीची एक सर आली की गाडी चाकापर्यंत रुतते, आणि रात्री दोनला ट्रॅक्टर मलाच काढावा लागतो. मुरमाड माळावर पाणी थांबत नाही, गाडी निघते, मात्र खुंटी ठोकताना हातोडा वाकतो. लेकरं असतील तर मुरमाड घ्या. आणि माळावर एकटंच मोठं झाड बघून त्याखाली तंबू मागू नका. वळवाच्या दिवसांत वीज आधी तिथंच येते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यानं बघितली, तो इथल्या आभाळावर भरवसा ठेवत नाही. माझ्याकडं पक्क्या भिंतीची एक खोली आहे. गडगडलं की सगळे आत. अशी खोली नसेल तिथं लेकरं नेऊ नका.

बीडहून, डॉक्टर

लोक बिबट्याला घाबरतात, मी मण्यारीला. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि बऱ्याचदा दुखतही नाही, खूणही नीट दिसत नाही. माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही. म्हणून बाज किंवा कॉट मागा. ती नसेल तर तळ शिवलेला आणि चेन पूर्ण बंद होणारा तंबू हवा, खालून उघडा मांडव नको. तंबूत शेंगदाणे, बिस्किटं ठेवू नका, उंदीर येतात आणि उंदरामागं साप. बूट झटकून घाला, विंचू तिथंच बसतो. चावलं तर चिरा, आवळपट्टी, मंत्र काही नको, हातपाय हलू न देता थेट दवाखाना. जागा ठरवतानाच विचारून ठेवा की सर्पदंशावरचं प्रतिविष (अँटीव्हेनम) असलेलं जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं आणि रात्री रस्ता कसा आहे. मालकाला हे सांगता येत नसेल, तर मी तिथं जात नाही.

नांदेडचा, सध्या फ्लोरिडात

इकडं घरासारखी गाडीच घेऊन फिरतात, आरव्ही. आम्ही भाड्यानं घेतली आणि पहिल्याच पार्कनं फोनवर नाकारलं: “फिफ्टी-फाइव्ह प्लस.” म्हणजे पंचावन्न वर्षांवरच्यांसाठीच. असे पार्क इथं भरपूर आहेत, लेकरांना मुक्काम नाही. तेव्हापासून आधी वयाची अट विचारतो, मग ३० अँपिअरचा प्लग की ५० चा (दोन एसी लावायचे तर ५० लागतो), मग मैल्याची टाकी रिकामी करायची सोय. उकाडा आपल्यासारखाच, पण दमट. गोड्या पाण्याच्या काठावर मगर असते असंच धरून चालायचं, पोरांना काठाला एकटं सोडायचं नाही. गवतात लाल मुंग्यांची वारुळं. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळाचा मोसम, म्हणून बुकिंग रद्द केलं तर पैसे परत मिळतात का हे वाचूनच भरतो. हिवाळ्यात थंडीच्या राज्यांतले पेन्शनर उतरतात. सरकारी पार्कांचं बुकिंग रहिवाशांना अकरा महिने आधी उघडतं, आणि तरी जागा मिळेलच असं नाही. आई इथं आली होती तेव्हा म्हणाली, “संडास गाडीतच? मग लेका, बाहेर आलो कशाला?”

धाराशिवहून

वरच्या दादांचं वाचून लिहितो. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन धोरण आणलं खरं, पण आमच्या भागात तशी गाडी लावून प्लग जोडायचा तळ माझ्या तरी बघण्यात नाही. मित्राच्या गाडीतून नळदुर्गला गेलो, किल्ला आणि पाणीमहाल बघितला, रात्री एका ढाब्यामागं गाडी लावली. मालक भला माणूस. पण रात्रभर ट्रकांचे हॉर्न, आणि बायकांसाठी न्हाणीला दाराची कडीच नाही. बायको अजून तो विषय काढते.

संभाजीनगरहून, दोन मुलींची आई

शनिवार टाळा. एवढं एकच सांगायचंय. नाथसागराच्या काठी आम्ही रोहित पक्षी बघायला गेलो, शेजारच्या चार तंबूंत साउंड बॉक्स आणि बाटल्या. ‘फॅमिली’ पाटीवरच राहिली. आता आधी विचारते: त्या दिवशी दुसरं कोण आहे? स्पीकर किती वाजता बंद? मालक स्वतः मुक्कामाला असतो की पोरगा चावी देऊन जातो? वेरूळ जोडणार असाल तर लेणी मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. हे विसरून एकदा गेटवरून परत आलोय.

कन्नडचे शेतकरी, पुन्हा

एक राहिलं. गौताळा, पितळखोऱ्याकडं येणाऱ्यांनी कड्याखाली शेकोटी पेटवू नये. वर आग्या मोहोळं असतात, धूर लागला की उठतात, आणि मग पळायला जागा नसते. अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही. बिबटे आहेतच, २०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक वाघसुद्धा चालत आला होता. कुणी पैसे घेऊन “आत तंबू लावून देतो” म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

लातूरची आज्जी (नातू टाइप करतोय)

तुमचं कॅम्पिंग आम्ही येळवशीला, म्हणजे रानातल्या अमावस्येच्या सणाला, करतो. कडब्याची कोप, भज्जी, आंबिल, अख्खं गाव रानात. पण बघा, कोप कुठं घालायची हे घरातली म्हातारी ठरवायची. विहिरीजवळ, वाऱ्याला आडोसा, बांधाच्या बिळांपासून लांब. आणि झोपायला सगळे घरी! हुरड्याच्या दिवसांत जा, दिवसभर रानात राहा, हुरडा, शेंगाची चटणी, दही खा. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर रात्रीचा हट्ट कशाला धरतेस? त्यांना विचारलंस का?

धागाकर्ती

आज्जी, विचारलं. “चांदण्या बघायच्यात, पण बाजेवरून,” म्हणाल्या.

तीन ठिकाणी फोन केले. एकानं संडासाचं अंतर विचारल्यावर “मॅडम, निसर्गात येताय ना?” म्हणून हसण्यावारी नेलं. दुसऱ्याला जवळचं रुग्णालय माहीत नव्हतं. तिसरा वैतागला, “ताई, राहायला येताय की तपासणीला?” पण मग फोन चालू ठेवून चालत गेला आणि मोजून सांगितलं: अठ्ठावीस पावलं, मधे दोन दिवे, एक कमोड. बाज त्याच्या आईची आहे, ती देतो म्हणाला. जानेवारीतला बुधवार-गुरुवार घेतलाय. शाळा दोन दिवस बुडेल, ते मी बघते.