बाहेरदेशी शिकायला जायचं खूळ नेमकं कधीपासूनचं?

केळीवाला_रावेर:
मंडळी, पुतणी इंग्लंडला एमएस्सीला जायचं म्हणतेय आणि घरात आठ दिवस तोच विषय. आमचे आबा म्हणतात आमच्या टायमाला पोरगं पुण्याला गेलं तरी परदेशी गेलं असं वाटायचं, हे सगळं एजंट लोकांनी काढलेलं नवं फॅड आहे. पटत नाही पण उत्तर सुचत नाही. इतिहासवालं कोणी आहे का?

तापीकाठ:
भाऊ, फॅड कसलं, आधी तर पोरं आपल्याकडे यायची. ह्युएन त्संग सातव्या शतकात चीनमधून बादशहाची परवानगी नसताना गुपचूप निघाला आणि नालंदात येऊन शिकला. तिथलं खाणंपिणं फुकट, कारण शंभर गावांचा महसूल मठाला लावून दिलेला. नंतर तो महाराष्ट्रातपण आला, आणि त्याने दारात दगडी हत्ती असलेला जो विहार लिहिलाय तो आपला अजिंठाच असं मानतात.

मास्तर_चोपडा:
युरोपातलं ऐका. इटलीत बोलोन्याला बाहेरून आलेल्या पोरांनीच संघ केले, मास्तरला नोकरीवर पोरंच ठेवायची आणि लेक्चरला उशीर झाला की दंड मास्तरला!! (बरं झालं मी तिकडे नव्हतो.) पण त्याआधी तिथं परक्या पोराचे हालच होते, म्हणजे समजा रावेरच्या एकाने उधारी बुडवली तर वसुली रावेरच्या दुसऱ्याच पोराकडून. हे 1155 च्या सुमारास फ्रेडरिक बार्बारोसा या सम्राटाने कायदा करून बंद केलं.

केळीवाला_रावेर:
दंडाचं ऐकून आबा जाम खूश. पण लगेच विचारतात, मग एवढी फी कोणी लावली?

तापीकाठ:
इंग्लंडात बाहेरच्यांना वेगळी फी 1967 ला सुरू झाली, त्यांच्या पोरांना 70 पौंड तर बाहेरच्यांना 250. मग थॅचरबाईंचं सरकार आलं आणि 1980 पासून नव्या परदेशी पोरांकडून पूर्ण खर्च वसूल करायचं ठरलं. म्हणजे आबा चिडतात ते बरोबर आहे, फक्त शिकायला जाणं जुनं आणि हे बिल नवं. पैशाची ओढाताण मात्र आधीपण होतीच. बाबासाहेब 1913 ला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या महिना साडेअकरा पौंडांवर, आणि त्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 ला पुढचं लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. पुढं नोकरीतली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचं कर्ज असं जमवून 1920 ला पुन्हा लंडनला गेले.

मास्तर_चोपडा:
ते जाऊद्या, पोरीने स्कॉलरशिपचे फॉर्म भरले का?

केळीवाला_रावेर:
एकपण नाही. एजंट म्हणे आधी लोन करा. आता आबाच तिला हाक मारताय, लॅपटॉप घेऊन ये म्हणून.