सिनेगॉगला मराठीत काय म्हणायचं? मशीद, देऊळ, सभास्थान की अजून काही?

माझगावची_मंजू:
मंडळी, अडलंय. मुंबईतल्या ज्यू वास्तू आणि शाळा पायी हिंडून दाखवायचा एक कार्यक्रम आमचा गट करतोय, मशीद बंदरपासून सुरुवात, मग उमरखाडी, माझगाव, भायखळा, आणि पाय राहिले तर काळा घोडा. इंग्रजी माहितीपुस्तिका तयार आहे, ती मराठीत आणायचं काम माझ्याकडे. पहिल्याच पानावर गाडी थांबली. मांडवीतलं शार हाराहमीम, १७९६ चं, मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग, ज्यूंची प्रार्थनेची जागा. त्याला बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या 'जुनी मशीद' म्हणत आलेत, आणि इस्राएल मोहल्ल्यातलं नंतरचं शारे रासोन ती 'नवी मशीद'. मी तसंच लिहिलं. तर पुस्तिका तपासणाऱ्यांनी दोन्हीकडे मशीद खोडून 'यहुदी प्रार्थनास्थळ' केलं, म्हणे वाचणाऱ्याचा घोळ होईल. अहो पण ज्यांची वास्तू त्यांनी दिलेलं नाव आहे ते! काय करू?

भाषाप्रेमी_नाशिक:
घोळ होणारच की. मराठीत मशीद म्हणजे मुसलमानांची, हे शाळेतलं पोरही सांगेल. बोलीत कोणी काय म्हणत होतं हे तळटीपेत द्या, मुख्य मजकुरात प्रमाण शब्द हवा. 'प्रार्थनामंदिर' का नको?

शब्दांचा_सोबती:
मंदिर म्हटलं की डोळ्यासमोर मूर्ती येते, आणि त्या धर्मात मूर्तीच वर्ज्य. उलट मशीद हा शब्द मुळात अरबी, अर्थ 'नमन करायची, माथा टेकायची जागा'. त्यात कुठल्याही एका धर्माचं नाव नाही.

पास्टरकाकांची_नात:
सगळे विसरताय, मराठीत याला शब्द आहे आणि तो रोज वापरात आहे. मराठी बायबलमध्ये 'सभास्थान'. येशू सभास्थानात गेला, सभास्थानात शिकवू लागला, हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. ग्रीकमध्ये सिनेगॉगचा अर्थ एकत्र जमणं, हिब्रूत 'बेत क्नेसेत' म्हणजे जमण्याचं घर. काळ्या घोड्याजवळचं निळं म्हणून ओळखलं जाणारं सिनेगॉग आहे ना, १८८४ चं, केनेसेथ एलियाहू, त्याच्या नावातही तेच केनेसेथ आणि इस्राएलच्या संसदेचं नावही तेच. सभास्थान याहून नेमकं भाषांतर दुसरं होणार नाही.

पुणेकर_कॅम्पातला:
पुण्यात हा प्रश्नच नाही, आमचं लाल देऊळ! १८६७ चं ओहेल डेव्हिड, डेव्हिड ससूननी बांधलेलं, लाल विटांचं, वर घड्याळाचा मनोरा. रिक्षावाल्याला सिनेगॉग म्हणून बघा, तो तुमच्या तोंडाकडे बघत बसेल, लाल देऊळ म्हटलं की मीटर टाकतो. लोकांनी रंग बघितला, देव राहतो ते देऊळ म्हणून देऊळ म्हटलं, आणि तिथे जाणाऱ्यांनीही ते मोठ्या मनाने चालवून घेतलं.

भाषाप्रेमी_नाशिक:
मग मुंबईत मशीद आणि पुण्यात देऊळ, एकाच गोष्टीला? हेच तर मी म्हणतोय, याला प्रमाण भाषा कशी म्हणायची.

पुणेकर_कॅम्पातला:
एकाच गोष्टीला नाही हो. लाल देऊळ बगदादी ज्यूंचं, म्हणजे बगदादकडून आलेल्यांचं, त्यांच्या घरात अरबी आणि नंतर इंग्रजी. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलांचं रास्ता पेठेत आहे, सुक्कत श्लोमो. कॅम्पातल्या इमारतीला देऊळ हे नाव बाहेरच्यांनी दिलंय, जुनी मशीद हे नाव मात्र आतल्यांनी. हा फरक मंजूताईंच्या कामाचा आहे असं मला वाटतं.

लोदहून_नमस्कार:
मी इस्राएलमधून लिहितेय, आमचं मूळ अलिबागकडचं. माझी आजी शेवटपर्यंत मशीदच म्हणायची. 'मशिदीत जाऊन आले', 'मशिदीत आज माणसं कमी होती'. घरात उपासाला रोजा, आमच्या पंचांगातल्या एलुल महिन्याला रमजान. जुन्या काळी जमातीत न्यायनिवाडा करणारा तो काजी, त्याच्या जोडीला मुकादम आणि चौगुला. हे आम्ही कुणाकडून उसने मागायला गेलो नव्हतो, कोकणात त्या वेळी जी मराठी बोलत होते तीच आमची मराठी. आता इथे नातवंडं बेत क्नेसेत म्हणतात. तुम्ही पुस्तिकेतून मशीद काढलीत तर आजीची भाषा काढलीत, मला तरी ते सहन होणार नाही.

शब्दांचा_सोबती:
ताई, फार बरं वाटलं वाचून. मुकादम, चौगुला हे तर थेट गावगाड्यातले शब्द. भाषाप्रेमींनी मशीद खोडली तर हेही खोडायला लागतील, मग राहील काय?

सात_रस्ता:
मशीद बंदर स्टेशनचं नाव याच जुन्या मशिदीवरून पडलंय, हे कोणाला माहीत आहे का? मुसलमानांच्या मशिदीवरून नाही. आमचे आजोबा डोंगरीत वाढले, ते हे छातीठोक सांगायचे.

गोदीकामगाराचा_मुलगा:
हे मीही खूप वेळा ऐकलंय पण मला पटत नाही. त्या भागात मशिदी काय कमी आहेत? झकेरिया मशीद तिथेच, मांडवीत. स्टेशनजवळची कुठली मशीद धरायची हे आजोबांनी कसं ठरवलं?

सात_रस्ता:
सॅम्युएल स्ट्रीट कुणाच्या नावाचा आहे ते बघा. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल, कंपनी सरकारच्या पलटणीतला अधिकारी. टिपूच्या कैदेत सापडला. कथा अशी की टिपूच्या आईने 'बनी इस्राईल' हे नाव कुराणात आहे म्हणून त्याला सोडवलं, आणि सुटलो तर सिनेगॉग बांधेन हा त्याचा नवस होता. रस्ता त्याचा, इमारत त्याची, मग स्टेशनला नाव दुसऱ्याचं कसं?

गोदीकामगाराचा_मुलगा:
रस्त्याचं मान्य. स्टेशनचं नाही. आणि मूळ जागा आणि आजची इमारत एक नाही, १८६० मध्ये ते जवळच हललं, शार हाराहमीम हे नाव तर १८९६ चं, शंभर वर्षं झाल्यावर दिलेलं. म्हणजे तोवर लोक काय म्हणत असतील ते तुम्हीच बघा, पण त्यावरून रेल्वेने काय केलं हे सिद्ध होत नाही.

माझगावची_मंजू:
स्टेशनचा वाद वेगळा काढा ना प्लीज. मला शाळांचंही विचारायचंय. माझगावची सर एली कदूरी शाळा, १८७५ मध्ये हायम सॅम्युएल केहीमकरांनी काढलेली, तेव्हा ती इस्रायली शाळा, कदूरींच्या देणगीनंतर नाव बदललं. आज तिथे बहुतेक मुलं मुसलमान आहेत, भायखळ्याला मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात जेकब ससून शाळा आहे तिथेही तसंच. इंग्रजीत 'ज्यू स्कूल' लिहिलंय. मराठीत 'ज्यू शाळा' म्हटलं तर ज्यू मुलांची असं वाटतं, 'ज्यूंनी काढलेली शाळा' फार लांब होतं.

भायखळा_पूर्व:
मी त्या आवाराच्या जवळ राहतो. दुपारी शाळा सुटली की टोप्या घातलेली आणि हिजाबातली पोरं ओरडत फाटकातून बाहेर पडतात, मागे सिनेगॉगचा निळा मनोरा, आणि पहाऱ्यावरचा पोलीस त्यांना रांगेत सोडतो. आमच्याकडे कोणी ज्यू शाळा म्हणत नाही, 'जेकब ससून' म्हणतात. नावच लिहा, विशेषण लावूच नका.

शाळामास्तर_निवृत्त:
इथे एक सांगावंसं वाटतं. युरोपातले ज्यू सिनेगॉगला 'शूल' म्हणतात, म्हणजे शाळाच. आणि आपलं 'शाला'. दोन्ही एकच शब्द, आर्यभाषांचा वारसा. म्हणजे सिनेगॉगला 'प्रार्थनाशाळा' म्हणायला हरकत नाही, मूळ अर्थही साधतो.

शब्दांचा_सोबती:
मास्तर, आदर ठेवून सांगतो, हे जुळत नाही. शूल आलं जर्मन 'शूलं'मधून, ते लॅटिन 'स्खोला'वरून, ते ग्रीकमधून, आणि ग्रीकमध्ये मूळ अर्थ फुरसत. आपलं शाला म्हणजे घर, ओवरी, छप्पर: गोशाळा, धर्मशाळा, पाकशाळा. शिकण्याचा अर्थ पाठशाळेतला 'पाठ' गळल्यावर नुसत्या शाळेला चिकटला. उच्चार सारखा म्हणून नातं जोडू नये.

शाळामास्तर_निवृत्त:
व्युत्पत्ती राहू दे, प्रार्थनाशाळा हा शब्द तरी वाईट आहे का?

पास्टरकाकांची_नात:
सभास्थान असताना नवा कशाला घडवायचा?

लोदहून_नमस्कार:
सभास्थान आमच्यात कोणी म्हणत नाही ग बाई. तो तुमचा शब्द, चांगला आहे, पण तुमचा. वल्हांडण, म्हणजे पासओव्हर, पण तसंच. बायबलवाले वल्हांडण म्हणतात, आमच्या जुन्या बायका त्या सणाला 'अनाशी ढाकणाचा सण' म्हणायच्या. अनास म्हणजे आंबट पाण्याचं भांडं, चटणीला लागायचं ते, त्या दिवसांत झाकून ठेवायचं. खमीर, आंबवणं चालत नाही ना. शास्त्राचं नाव विसरलं होतं पण भांडं झाकायचं विसरलं नव्हतं.

पेणची_सून:
अय्या किती छान! ताई अजून सणांची नावं सांगा ना.

लोदहून_नमस्कार:
नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. पुरीमला होळीचा सण. आणि बिरड्याचा रोजा, तो तिशा बे-आव, जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुखवट्याचा. त्या दिवशी बिरडं.

पेणची_सून:
बिरडं म्हणजे आपलं वालाचंच ना? मोड आणून, सोलून? आमच्याकडे श्रावणात असतंच.

लोदहून_नमस्कार:
तेच. कडव्या वालाचं.

गोदीकामगाराचा_मुलगा:
'दारफाळणी' म्हणजे काय? दार फोडणं? फाळणी तर आपण देशाची म्हणतो.

शब्दांचा_सोबती:
योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, दार लावून घरात किंवा मशिदीत बसायचं, म्हणून दार बंद करण्याचा सण, असा अर्थ सांगतात. माझा अंदाज 'फळी'वरून. जुन्या दुकानांना, घरांना फळ्या लावून बंद करायचे, दार फळणे. फाळ म्हणजे चिरणं त्याच्याशी काही संबंध नसावा.

सात_रस्ता:
फळीवरून असतं तर फळणी झालं असतं, फाळणी कसं होईल? मला तर फाळका, दाराचा अर्धा भाग, त्यावरून वाटतं.

शाळामास्तर_निवृत्त:
चाळ-चाळणी, गाळ-गाळणी, फाळ-फाळणी. क्रियापद 'फाळणे'च धरायला हवं.

शब्दांचा_सोबती:
पण मग अर्थ उलटा होतो ना मास्तर, फाळणं म्हणजे उघडणं, दुभंगणं.

रोह्याचा_राजा:
नव्याचा सण म्हणजे नवं वर्ष की नवं भात? आमच्याकडे आश्विनात नव्याची पुनव असते, नवीन भाताच्या लोंब्या दाराला बांधतात. रोश हाशाना, ज्यूंचं नवं वर्ष, त्याच सुमाराला येतो. मला वाटतं कोकणात भात कापायच्या वेळेला आला म्हणून 'नव्याचा' झालं, वर्षाचं नंतर जोडलं.

लोदहून_नमस्कार:
आई नवीन वर्ष म्हणायची. आजी काय म्हणत होती ते विचारायचं राहूनच गेलं.

भाषाप्रेमी_नाशिक:
हे सगळं सुंदर आहे, पण मंजूताईंची पुस्तिका मुंबईच्या आजच्या वाचकासाठी आहे. त्याला 'जुनी मशीद' वाचून वास्तू सापडली नाही तर? माझं म्हणणं अजून तेच, ठळक अक्षरात सिनेगॉग लिहा, इंग्रजी तर इंग्रजी, पण सगळ्यांना कळेल.

पुणेकर_कॅम्पातला:
पहिल्या पोस्टमध्ये प्रार्थनामंदिर सुचवत होतात तुम्ही.

भाषाप्रेमी_नाशिक:
वाचून मत बदललं. मशीद मात्र नाही.

भायखळा_पूर्व:
वरळीच्या ज्यू दफनभूमीत जाऊन या कोणीतरी. दगडावर वर हिब्रू, खाली मराठी, कुठे इंग्रजी. हिब्रू वाचता येत नसलं तरी मराठीतली आडनावं वाचता येतात, पेणकर, रोहेकर, नवगावकर, अष्टमकर. त्या लोकांनी देवनागरीत स्वतःला काय म्हटलंय ते तिथे मिळेल, आपण इथे बसून काय ठरवतोय.

माझगावची_मंजू:
@लोदहून_नमस्कार, मलिदा आम्ही पुस्तिकेत घेतलाय, पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, एलियाहू हानाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने. तपासणाऱ्यांनी तिथे 'प्रसाद' केलंय. ते तरी मी परत मलिदा करतेच.

गोदीकामगाराचा_मुलगा:
मलिदा फारसी ना? चुरणं, मळणं. दर्ग्यातही मलिदा असतोच, पण तो पोळीचा किंवा रोटीचा चुरा, पोह्यांचा नाही.

पेणची_सून:
पोहे जाडे की पातळ घ्यायचे?

लोदहून_नमस्कार:
जाडे. धुवून निथळून ठेवायचे, भिजवत ठेवायचे नाहीत. आणि अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हानाबीच्या जागेवर नवस फेडायला जायचं तर ताट घरूनच भरून न्यायचं.

रोह्याचा_राजा:
खंडाळा म्हणजे घाटातला नव्हे हं, लोक चुकतात, पनवेल सोडून वर जातात. पुस्तिकेत लिहिणार असाल तर अलिबाग लिहाच.