मदत हवी आहे: ओसी टेस्टमध्ये पॉवर फॅक्टर १.५५ येतोय, उद्या प्रॅक्टिकल आहे

नवीनलेक्चरर: सिंगल फेज ट्रान्सफॉर्मरची ओसी-एससी (ओपन सर्किट-शॉर्ट सर्किट) टेस्ट. ओसीला ११५ व्होल्ट, ०.९ अँपिअर, १६० वॅट. कॉस फाय, म्हणजे पॉवर फॅक्टर, १.५५, एकच्या वर! मुलांनी कॉस इन्व्हर्स घेतला की कॅल्क्युलेटरवर मॅथ एरर. कनेक्शन तीनदा तपासली, अँमीटर बदलून पाहिला, फरक नाही. फुल लोड एफिशियन्सी ९० टक्के येते, डायरेक्ट लोड टेस्टला ९४ आली होती. उद्या साडेदहाला बॅच आहे. लवकर सांगा.

मोजमाप: ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा? सप्लाय कोणत्या बाजूने दिलाय? वॅटमीटरची रेंज? आणि १६० हे काट्याचं रीडिंग की गुणून काढलेलं?

रोधक: वॅटमीटरची प्रेशर कॉइल (व्होल्टेज घेणारी कॉइल) चुकीच्या बाजूला लागली असणार. ओसीला करंट कमी असतो, म्हणून सी (कॉमन) टर्मिनल एमला (सप्लायची बाजू) जोडायचं, एलला (लोडची बाजू) नाही. नाहीतर प्रेशर कॉइलचा स्वतःचा लॉसही मोजला जातो. ही जोडणी (लिंक) बदला, प्रश्न सुटेल.

मोजमाप: रोधक, लिंकचा नियम बरोबर आहे, पण आकडा बघा. प्रेशर कॉइलचा रेझिस्टन्स १० किलोओहम धरला तर ११५ चा वर्ग भागिले १०,००० म्हणजे १.३ वॅट. इथे शंभरावर वॅट जास्त दिसताहेत. एवढी चूक लिंकने होत नाही.

तासिका_तत्त्व: उद्या बॅच आणि आज शोधाशोध, कारण लॅब असिस्टंटची जागा रिकामी असणार. तासिका तत्त्वावरच्या माणसाला घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, प्रयोगाच्या तयारीचे नाहीत. आधी यावर बोला.

अटेनमेंट: या प्रयोगाचं सीओ-पीओ (कोर्स आउटकम-प्रोग्राम आउटकम) मॅपिंग केलंत का? एनबीएची (अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या बोर्डाची) टीम आली की आधी तेच मागते. माझ्याकडे एक्सेल शीट तयार आहे, हवी तर देते.

नवीनलेक्चरर: मॅडम, शीट नंतर बघतो. २ केव्हीए, २३०/११५. सप्लाय ११५ च्या बाजूला, २३० ची बाजू उघडी. वॅटमीटर २.५ अँपिअर, १५० व्होल्ट, स्केल १५० डिव्हिजनचं. काटा ६४ वर. गुणक २.५ गुणिले १५० भागिले १५०, म्हणजे २.५. म्हणून १६०.

मोजमाप: डायलच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कॉस फाय किती लिहिलाय? काचेवर धूळ असेल तर पुसून बघा.

नवीनलेक्चरर: ०.२.

मोजमाप: सापडलं. हा एलपीएफ (लो पॉवर फॅक्टर) वॅटमीटर आहे. गुणकात ०.२ घ्यायचाच असतो: २.५ गुणिले १५० गुणिले ०.२ भागिले १५० = ०.५. म्हणजे ६४ डिव्हिजन = ३२ वॅट. कॉस फाय ०.३१. आयडब्ल्यू (आयर्न लॉसचा करंट) ०.२८ अँपिअर, मॅग्नेटायझिंग करंट ०.८६, त्यांवरून आर-नॉट (रेझिस्टन्स) ४१३ ओहम, एक्स-नॉट (रिअ‍ॅक्टन्स) १३४. २ केव्हीएला हे शोभतं. तुमचा आयर्न लॉस (गाभ्यातला लॉस, ओसीला मोजतो तो) बरोबर पाचपट होत होता.

वॅट हे व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारापेक्षा जास्त असूच शकत नाहीत. रीडिंग घेताच मुलांना तो गुणाकार करायला लावा. इथे १०३.५ येतो, १६० तिथेच अडलं असतं. निरीक्षण तक्त्यात गुणकाचा वेगळा रकाना ठेवा. नुसते ‘वॅट’ लिहू देऊ नका.

आभासी: व्हर्च्युअल लॅब्सवर ट्रान्सफॉर्मरचे प्रयोग आहेत. तिथे मीटरची ही भानगडच नाही. उद्या तेच दाखवा.

रोधक: मग मुलं गुणक शिकणार कुठे? कंपनीत टेस्टिंगला गेल्यावर हाच डायल समोर येतो.

नवीनलेक्चरर: एससीचं काय? ८.७ अँपिअरला ११ व्होल्ट. यूपीएफ (युनिटी पॉवर फॅक्टर, साधा) वॅटमीटर १० अँपिअर, ७५ व्होल्ट, काटा १२ वर, गुणक ५, म्हणजे ६० वॅट.

रोधक: बरोबर आहे. एससीला यूपीएफच, मॅन्युअलमध्ये तसंच असतं.

मोजमाप: मॅन्युअलमध्ये असतं, पण १५० पैकी १२ डिव्हिजन वाचून काय हाती लागणार? अर्धा डिव्हिजन चुकला की २.५ वॅट गेले, ४ टक्के. त्याच रेंजचा एलपीएफ असेल तर गुणक १, काटा ६० वर.

रोधक: पॉवर फॅक्टर ०.६३ आहे. ०.२ चा मीटर लावलात तर काटा स्केलबाहेर जाईल, कॉइल जळेल.

मोजमाप: कॉइल करंटने किंवा व्होल्टेजने जळते. इथे १० अँपिअरला ८.७ आणि ७५ व्होल्टला ११, दोन्ही मर्यादेत. काट्याची मर्यादा १५० वॅट, तुमचे ६०. व्होल्टेज कमी आहे म्हणून चालतं. पूर्ण व्होल्टेजवर ०.६३ ला मात्र काटा आपटेल, तिथे तुमचं म्हणणं खरं.

रोधक: हे पटलं. तरी मुलांच्या हातात यूपीएफच द्या. ते रेंज न बघता तोच मीटर पुढे लोड टेस्टला लावतात.

नवीनलेक्चरर: आता एफिशियन्सी ९५.६ येते. मग डायरेक्ट लोडची ९४ का?

मोजमाप: दोन कारणं. एससी थंड वाइंडिंगवर झाली. ३० अंशांवरून ७५ ला नेताना कॉपर लॉसला (वाइंडिंगमधला लॉस, एससीला मोजतो तो) ३१० भागिले २६५ ने (तांब्यासाठी २३५ अधिक तापमान) गुणा: ६० चे ७०, एफिशियन्सी ९५.१. दुसरं, डायरेक्ट लोडमध्ये लॉस म्हणजे इनपुट आणि आउटपुट या दोन मोठ्या रीडिंगमधला फरक. ३००० वॅट स्केलचा १ टक्का म्हणजे ३० वॅट, आणि तुमचा एकूण लॉसच शंभराच्या आसपास. ओसी-एससीवर विश्वास ठेवा.

रोधक: एससीला डिमरस्टॅट (नॉबने व्होल्टेज कमी-जास्त करायचा डिमर) थेट लावू नका. २७० व्होल्टच्या डिमरवर ११ व्होल्ट म्हणजे नॉब जेमतेम हलवायची, जरा जास्त गेली की फ्यूज उडतो. मध्ये २३०/२४ चा, १० अँपिअर झेपणारा ट्रान्सफॉर्मर घाला. नॉब शून्यावर असल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही.

नवीनलेक्चरर: २३०/२४ चा एक आहे, प्लेटवर २५० व्हीए. सर्वांचे आभार.

मोजमाप: चालेल, २४ च्या बाजूला १०.४ अँपिअर निघतात. ओसीला २३० च्या उघड्या टर्मिनलवर मात्र टोपी लावा. पूर्ण २३० व्होल्ट तिथे असतात आणि मुलं ती बाजू बंद समजतात.