मदत हवी आहे: संरक्षण सचिव नेमकं काय काम करतो? उद्यापर्यंत पाहिजे

अमळनेरी_पोऱ्या (धागाकर्ता), रात्री ८.१०
लोकहो, पटकन सांगा. संरक्षण सचिवाचं काम काय असतं? गूगलवर नुसते हस्तांदोलनाचे फोटो येऊन राहिले. मला मुद्दे पाहिजेत, निबंध नको. समोरचा म्हणणार की सीडीएस (तिन्ही सेनादलांसाठीचं नवं लष्करी पद) आल्यापासून या खुर्चीत दम उरला नाही. त्याला काय उत्तर द्यायचं? उद्या सकाळी आहे. प्लीज लवकर.

रावेरचे_आप्पा, ८.१६
कोण समोरचा? उद्या सकाळी काय आहे? कोर्टात तारीख आहे का भो? नीट लिही, मग सांगतो.

तापीकाठ, ८.१९
यूपीएससीची मुलाखत असेल तर उत्तर वेगळं, एसएसबी (सैन्यात अधिकारी व्हायची) असेल तर वेगळं. कुठलं बोर्ड? मुलाखत असेल तर दोन्ही बाजू सांगून मध्ये थांबायचं. माझ्या वेळी मला केळीच्या करप्यावर विचारलं होतं, संरक्षणाचा विषयच निघाला नाही. त्यामुळे जिल्ह्याची माहिती पाठ कर.

सुभेदार_चाळीसगाव, ८.२७
संरक्षण सचिव काय करतो? फाइल थांबवतो. लिही एवढंच. कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समिती बसली, २००१ मध्ये मंत्रिगटानं सीडीएस नेमा म्हणून स्पष्ट सांगितलं. पहिला सीडीएस खुर्चीवर बसला १ जानेवारी २०२० ला. मधली वर्षं कुठं गेली? गणवेशातला माणूस मंत्र्याच्या शेजारी बसलेला बाबू लोकांना बघवत नव्हता. सेनेची मुख्यालयं म्हणजे मंत्रालयाची 'संलग्न कार्यालयं' होती, वजनमापं खातं असावं तशी.

फाइलबहाद्दर, ८.३४
सुभेदारसाहेब, रामराम. २००१ ला सरकारनं सांगितलं होतं की सीडीएसबाबत आधी राजकीय पक्षांशी बोलू. मग सरकारं बदलली, तरी कुणालाच घाई नव्हती. यात सचिव एकटाच कसा दोषी? बाकी संलग्न कार्यालयांचं तुमचं खरं आहे. तो डाचणारा प्रकार होताच. पुढे नाव बदलून 'संरक्षण मंत्रालयाची एकात्मिक मुख्यालयं' केलं.

सुभेदार_चाळीसगाव, ८.३८
पाटी बदलली. फाइल त्याच टेबलावरून जायची.

अमळनेरी_पोऱ्या, ८.४१
अहो काका, भांडणं नंतर. वादविवाद स्पर्धा आहे हो कॉलेजची.

रावेरचे_आप्पा, ८.४३
आता कळलं. विषय काय दिलाय शब्दशः? अनुकूल की प्रतिकूल? किती मिनिटं?

अमळनेरी_पोऱ्या, ८.४९
'संरक्षण धोरणात सनदी अधिकाऱ्यांना दिलेले स्थान योग्य आहे.' मी अनुकूल. पाच मिनिटं. जोडीदारीण ऐनवेळी आजारी पडली, तिचेच मुद्दे होते सगळे.

सुभेदार_चाळीसगाव, ८.५१
प्रतिकूल घे. जिंकशील.

अमळनेरी_पोऱ्या, ८.५२
बाजू चिठ्ठीनं ठरलीय काका 😭

धुळ्याची_माहेरवाशीण, ८.५५
धागा वाचला. माझ्या सासूबाईंची फॅमिली पेन्शन अडकली आहे, सासरे लष्करात नायक होते. मग संरक्षण सचिवांनाच रजिस्टर पत्र टाकलं तर चालेल का? पत्ता आहे का कुणाकडे?

फाइलबहाद्दर, ९.२०
ताई, तुमचं आधी. संरक्षण सचिवांना नका लिहू, पत्र फिरत राहील. पेन्शन आणि पुनर्वसनासाठी मंत्रालयात माजी सैनिक कल्याण हा वेगळा विभाग आहे आणि त्याचा सचिवही वेगळा. पण सुरुवात धुळ्याच्याच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि मृत्यूचा दाखला सोबत न्या.

आता पोराचं. बराच काळ दिल्लीत टिपणं लिहिण्यात गेला माझा, म्हणून जरा लांबलं तर सोस.

आधी हे पक्कं कर की संरक्षण मंत्रालय म्हणजे एक घर नाही, पाच बिऱ्हाडं आहेत: संरक्षण विभाग, लष्करी व्यवहार विभाग, संरक्षण उत्पादन, संशोधन व विकास, आणि माजी सैनिक कल्याण. 'संरक्षण सचिव' हा पहिल्याचा प्रमुख, आणि पाचही विभागांच्या कामाचा मेळ घालणं हे त्याचं जादा काम. लष्करी व्यवहार विभाग २०२० च्या सुरुवातीला नवा निघाला, त्याचा सचिव म्हणजे सीडीएस. म्हणजे पहिले सीडीएस जनरल रावत यांच्यापासून गणवेशातला माणूस पहिल्यांदा भारत सरकारच्या सचिवाच्या खुर्चीवर बसला.

तेव्हा जे तिकडे गेलं ते असं: तिन्ही सेनादलं, प्रादेशिक सेना, सेनांची अंतर्गत खरेदी, तिन्ही दलांना एकत्र काम करायला लावणं. इकडे काय राहिलं ते बघ. १९६१ च्या कार्यविभाजन नियमांत संरक्षण विभागापुढची पहिली नोंद आहे ती 'भारताचे आणि त्याच्या प्रत्येक भागाचे संरक्षण', त्यात युद्धाची तयारीसुद्धा येते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूचीची पहिली नोंद वाच, जवळपास तेच शब्द सापडतील. सीडीएस आल्यावरही ही नोंद हलवली नाही. संरक्षण धोरण, संरक्षणाचा अर्थसंकल्प, मोठी भांडवली खरेदी, तटरक्षक दल, सीमा रस्ते, कॅन्टोन्मेंट हे सगळं अजून सचिवाकडेच आहे.

मुख्य वजन पैशात आहे. २०२५-२६ ला संरक्षणाची तरतूद ६.८१ लाख कोटींची होती, त्यातले १.८० लाख कोटी भांडवली, म्हणजे विमानं, तोफा, जहाजं. अमुक शस्त्र हवं ही मागणी सेना करते. ती तपासणाऱ्या संरक्षण खरेदी मंडळाचा अध्यक्ष संरक्षण सचिव. त्याच्यावर संरक्षण संपादन परिषद, तिथे अध्यक्ष मंत्री, आणि सीडीएस, तिन्ही प्रमुख, सचिव सगळे सदस्य. फार मोठा व्यवहार असेल तर पंतप्रधानांची सुरक्षाविषयक समिती. उद्या संसदेच्या लोकलेखा समितीनं हिशोब मागितला तर उत्तर द्यायला जातो सचिव, सेनापती नाही. हा मुद्दा ठासून मांड.

सुभेदार_चाळीसगाव, ९.३१
वाचलं. आता माझं ऐका. हिशोब देतो म्हणून त्याला तोफेतलं कळतं का? आधीचे संरक्षण सचिव अरमाने रस्ते वाहतूक मंत्रालयातून आले. नंतरचे राजेशकुमार सिंग उद्योग संवर्धन खात्यातून आले, १ नोव्हेंबर २०२४ ला बसले. माणसं हुशार असतील, मी नाही म्हणत नाही. पण चाळीस वर्षं सैन्यात काढलेला लेफ्टनंट जनरल मागणी घेऊन जातो आणि तिकडून प्रश्न येतो की हे का पाहिजे. पोरा, समोरचा हेच विचारेल.

तापीकाठ, ९.३६
सुभेदारकाकांशी सहमत. अमेरिकेत बघा, गणवेश उतरवून ठरावीक वर्षं झाल्याशिवाय त्या पदावर बसताच येत नाही. मॅटिस यांना २०१७ ला आणि ऑस्टिन यांना २०२१ ला काँग्रेसनं खास सूट दिली तेव्हा बसले.

रावेरचे_आप्पा, ९.३९
तू सहमत म्हणतोस आणि उदाहरण उलटं देतोस! शिवाय ते तिकडचे मंत्री. आपण सचिवाबद्दल बोलून राहिलो.

तापीकाठ, ९.४१
माहिती म्हणून दिली.

वरणगावकर, ९.५०
इथे संरक्षण सचिव संरक्षण सचिव चाललंय म्हणून लिहितो. आमच्या वरणगावच्या आयुध निर्माणीत बंदुकीच्या गोळ्या बनतात. १ ऑक्टोबर २०२१ ला ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या. आम्ही म्युनिशन्स इंडियात गेलो आणि शेजारचं भुसावळ यंत्र इंडियात. तालुका एकच, मालक दोन. युनियनचा विरोध होता, पण कंपन्या होण्याआधीच अत्यावश्यक संरक्षण सेवेचा अध्यादेश आणून संपाची वाट बंद केली होती. गावात सगळे अजून म्हणतात, संरक्षण सचिवानं केलं. ते संरक्षण उत्पादन विभागाचं काम, निर्णय मंत्रिमंडळाचा. पोराच्या विषयात हे घाल, सनदी अधिकारी हजारो कामगारांच्या भाकरीचं कागदावर कसं ठरवतात ते.

अमळनेरी_पोऱ्या, ९.५३
दादा, मी अनुकूल बाजूनं आहे 🙏

वरणगावकर, ९.५४
मग नको घालू.

सातपुडा_क्लासेस, ९.५८
संरक्षण, अंतर्गत सुरक्षा, आंतरराष्ट्रीय संबंध, संपूर्ण नोट्स मराठीतून, आजच सवलत, खालील क्रमांकावर (संपादित)

व्यवस्थापक
जाहिरात काढली आहे. कृपया विषयाला धरून लिहा.

रावेरचे_आप्पा, १०.०५
विषयाला धरूनच सांगतो. राज्यघटनेच्या ५३ व्या कलमात सेनादलांचं सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे दिलंय. २००७ ते २०१२ ते होतं आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या प्रतिभाताईंकडे. २००९ ला लोहगावहून सुखोईत बसून आल्या, वय चौऱ्याहत्तर. आणि २०१६ ते २०१९ संरक्षण राज्यमंत्री होते धुळ्याचे डॉ. सुभाष भामरे. म्हणजे वरपासून खालपर्यंत खान्देशची माणसं होऊन गेली. सुरुवातीला हे टाक, टाळ्या पडतील.

फाइलबहाद्दर, १०.११
आप्पा, टाळ्या पडतील पण परीक्षक गुण मुद्द्याला देतील. मात्र तुमच्या बोलण्यात कामाची गोष्ट आहे. राष्ट्रपती, मंत्री, राज्यमंत्री हे निवडणुकीच्या वाटेनं आलेले लोक. सनदी अधिकाऱ्याचं स्थान त्यांच्या हाताखालचं. सेनेवर ताबा बाबूचा असं कुठेच लिहिलेलं नाही, तो निवडून आलेल्या सरकारचा. सचिव हा त्या सरकारचा कागद सांभाळणारा आणि खर्चाची खातरजमा करणारा. पोरा, अनुकूल बाजू इथेच उभी कर. 'अधिकारी सेनापतीपेक्षा मोठा' असं म्हणालास की संपलास.

आणि तो मोठा नाहीच. राजशिष्टाचाराच्या क्रमवारीत सेनाप्रमुख १२ व्या ओळीत आहेत आणि भारत सरकारचे सचिव २३ व्या. पगारही प्रमुखांचा जास्त, कॅबिनेट सचिवाएवढा. सुभेदारसाहेबांना पण बरं वाटेल.

सुभेदार_चाळीसगाव, १०.१६
ओळीनं काय होतं? १९९८ च्या डिसेंबरात नौदलप्रमुख विष्णू भागवतांना काढलं तेव्हा १२ वी ओळ कामाला आली का?

फाइलबहाद्दर, १०.२०
नाही आली. पण तो निर्णय सरकारचा होता, जॉर्ज फर्नांडिस मंत्री होते. आणि उपप्रमुख कुणाला करायचं यावरून मंत्रालयाशी जे वाजलं, त्यात दोन्हीकडून ताणलं गेलं. तुम्ही त्यातला एकच हात दाखवता.

सुभेदार_चाळीसगाव, १०.२२
मी माझ्या हाताचं सांगणार. तुम्ही तुमच्या.

अमळनेरी_पोऱ्या, १०.२८
मूळ प्रश्न राहिलाच! सीडीएस आल्यावर सचिवाला काय उरलं? समोरचा ऑपरेशन सिंदूर काढणार हे नक्की. तेव्हा संरक्षण सचिव कुठे दिसला म्हणणार.

फाइलबहाद्दर, १०.४०
काढू दे. ७ मे २०२५ च्या पत्रकार परिषदेत परराष्ट्र सचिव मिस्री होते आणि सेनेच्या दोन महिला अधिकारी. संरक्षण सचिव नव्हते, खरंय. तू सरळ मान्य कर. लढाई चालवणं हे त्याचं काम कधीच नव्हतं, सीडीएसच्या आधीही नव्हतं. उलट विचार, सीडीएस तरी लढाईचा हुकूम देतो का? सरकारनं पद निर्माण करतानाच सांगितलं की सीडीएसला तिन्ही प्रमुखांवर लष्करी हुकमत नसेल. तो मंत्र्यांचा तिन्ही दलांबाबतचा प्रमुख लष्करी सल्लागार. म्हणजे एक सल्ला गणवेशातून, एक सल्ला दफ्तरातून, निर्णय मंत्र्याचा.

सचिवाचं काम लढाईच्या आधीच्या दहा वर्षांत असतं. त्या रात्री जे क्षेपणास्त्र उडतं त्याची मागणी, चाचणी, किमतीची घासाघीस, करार यात वर्षं गेलेली असतात. आणि एक उदाहरण हातचं ठेव: सियाचिनवर पाकिस्तानशी १९८६ पासून ज्या चर्चेच्या फेऱ्या झाल्या, त्या संरक्षण सचिव पातळीवर झाल्या. तोडगा निघाला नाही हे वेगळं. सैन्य वर बर्फात, आणि टेबलावर सरकारच्या वतीनं सचिव. एच. एम. पटेलही वापर. स्वातंत्र्यानंतर १९५३ पर्यंत संरक्षण सचिव होते, फाळणीनंतरची सगळी धामधूम आणि काश्मीरचं युद्ध त्यांच्याच काळात.

सुभेदार_चाळीसगाव, १०.४६
हे बरं मांडलं. तरी माझं एक म्हणणं घे पोरा, तुझ्या बाजूनंच देतो. सांग की स्थान योग्य आहे, पण त्या खुर्चीत बसणारा त्याच क्षेत्रात मुरलेला पाहिजे. आधीची काही वर्षं त्याच मंत्रालयात काढलेला. असं बोललास तर प्रतिकूलवाल्याचा निम्मा दारूगोळा तूच उचलून नेशील.

तापीकाठ, १०.४८
ऑस्ट्रेलियात सचिव आणि सेनादलप्रमुख दोघं मिळून संरक्षण खातं चालवतात, हे पण घाल. ही खरंच उपयोगाची माहिती आहे 🙂

रावेरचे_आप्पा, १०.५०
या वेळी आहे.

अमळनेरी_पोऱ्या, ११.१५
असं जमवलंय, बघा: '५३ वे कलम आणि निवडून आलेलं सरकार. पाच विभाग. पहिली नोंद अजून संरक्षण विभागाकडेच. १.८० लाख कोटींची खरेदी संरक्षण सचिवाचं मंडळ करतं. लोकलेखा समितीला उत्तर सचिवाचं. सिंदूर आलं तर सियाचिन. शेवटी सुभेदारकाकांचा मुद्दा.' प्रतिभाताई सुरुवातीला घेतल्या, आप्पा.

धुळ्याची_माहेरवाशीण, ११.१८
पीपीओ सापडत नाहीये. झेरॉक्स चालेल का?

फाइलबहाद्दर, ११.२४
ताई, झेरॉक्स घेऊन जा, नंबर वाचता आला पाहिजे. बँकेच्या जुन्या पासबुकातही असू शकतो.

पोरा, 'मंडळ खरेदी करतं' हे वाक्य खोड. मंडळ मागणी तपासून पुढे पाठवतं, कराराच्या वाटाघाटी वेगळ्या समितीत होतात. त्या एका शब्दावर समोरचा तुला दोन मिनिटं फिरवेल. आणि १.८० लाख कोटी म्हणताना २०२५-२६ हे वर्ष सांग.

सुभेदार_चाळीसगाव, ११.३०
आणि भागवतांचं कुणी काढलं तर माझं नाव सांगू नको.