साभार परत आलेली कथा पुन्हा लिहिताना : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, दिवाळी अंकांना कथा पाठवायचे दिवस आलेत, म्हणून हा धागा. गेल्या वर्षी माझी कथा साभार परत आली. सोबत चार ओळींचं पत्र होतं : आईचं आजारपण पोचतं, पण ती गेल्यानंतरची तीन पानं कथेला जड होतात. रागाने पत्र कपाटात टाकलं. आठवड्याने पुन्हा वाचलं तेव्हा पटलं, ती पानं मी माझ्या समाधानासाठी लिहिली होती. ती काढून वेगळ्या वहीत ठेवली. आता कथा आईच्या चष्म्याच्या घरात औषधांची चिठ्ठी सापडते, तिथेच संपते.

तुम्ही कोणती सूचना ऐकलीत, कोणती नाही, आणि का? कुणाचीही नावं नकोत.

———

मी पुण्यात वाढलेली. ऊसतोड कामगारांवर कथा लिहिली, मैत्रिणींना फार आवडली. मग बीडच्या एका ओळखीच्या गृहस्थांना वाचायला दिली. त्यांचं स्वतःचं बालपण उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत गेलेलं. त्यांनी एकाच जागी बोट ठेवलं. "बाईला ताप आला, ती कोपीवर राहिली, नवरा कामावर गेला असं लिहिलंय. मग खाडा कुणाचा?" मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती जोडीला. तो तोडणार, ती मोळ्या बांधणार, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेणार. ती पडली की कोयताच थांबला.

माझ्या कथेत नवरा प्रेमळ होता, "झोप तू" म्हणून निघून जात होता. आता तो उंबऱ्याशी कोयता हातात घेऊन उभा आहे, तिच्याकडे बघतोय, आणि त्याला "झोप" म्हणता येत नाही. हे मला घरात बसून कधीच सुचलं नसतं. अख्खी कथा नव्याने लिहिली, चार महिने लागले.

———

माझा अनुभव उलटा आहे. अकोल्याकडची आजी, तिच्या तोंडी वऱ्हाडी. सूचना आली, संवाद प्रमाणभाषेत करा, सगळ्यांना कळतील. केले. "मले काई सांगू नोको" चं "मला काही सांगू नकोस" झालं आणि आजी कुणीतरी परकीच बाई वाटायला लागली. संवाद परत होते तसे केले. पण वाचक कुठे अडखळतो हे त्या सूचनेमुळे कळलं, म्हणून निवेदन मात्र सोपं केलं. दुखतं कुठे ते वाचक बरोबर सांगतो, औषध आपणच शोधावं असं माझं मत झालंय.

———

मोठ्याने वाचा. मी फोनवर रेकॉर्ड करून ऐकतो. जिथे मलाच कंटाळा येतो, तिथे कात्री.

———

'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना कथेबद्दल सविस्तर पत्रं लिहीत, पुनर्लेखन करून घेत. ते मासिक १९८२ साली बंद झालं. तसं वाचणारं माणूस आज नवोदिताला क्वचित भेटतं. ग्रुपवर कथा टाकली की "वा, छान" येतं, त्याचं करायचं काय? मी आता दोघा मित्रांना नेमकं विचारते : कुठे थांबलास, कोणाचं वागणं खोटं वाटलं? कथा कशी वाटली, असं विचारतच नाही.

———

कार्यशाळेत माझी कथा सगळ्यांसमोर वाचली गेली. मार्गदर्शक म्हणाले, ही कथाच नाही. का नाही, ते सांगितलं नाही. दोन वर्षं काही लिहिलं नाही. विधवा काकूने पहिल्यांदा स्वतःच्या सहीने बँकेतून पैसे काढले, एवढीच गोष्ट होती. इथलं वाचून आज ती फाइल उघडली.

———

धागाकर्ती : ताई, ती कथा मला पाठवा. मी पेन्सिल घेऊन बसते, आणि जे खटकेल ते का खटकलं हेही लिहीन. सही करताना काकूचा हात थरथरला का, ते आत्तापासूनच वाचायचं आहे.