कोकणात बसून आयटीतली नोकरी शोधायची, तर स्पेशालिस्ट रिक्रूटर धरावा का?

खेडशी_बॅकएंड
जावा बॅकएंडवर काम करतो, बँकांच्या पेमेंट सिस्टिम्स. गेली काही वर्षं रत्नागिरीतल्या घरातूनच. आता कंपनीचं फर्मान आलंय, आठवड्यातले ३ दिवस पुण्यात हजर राहा. आई-वडील इथे, मुलाची शाळा इथे, म्हणून दुसरीकडे बघतोय.

माझं मत असं की गावात राहून नोकरी शोधणाऱ्याने पोर्टलवर रोज सीव्ही 'अपडेट' करत बसण्यापेक्षा आपल्याच तंत्रज्ञानात भरती करणारे एक-दोन रिक्रूटर धरावेत. पुण्यातल्या पोरांना टपरीवर चहा पिताना कळतं, कुठे नवी टीम उभी राहतेय. आपल्याला इथे कोण सांगणार? लोणेरे, आंबव, रत्नागिरीचं फिनोलेक्स, इथून दरवर्षी पोरं इंजिनिअर होतात आणि गाडी पकडतात. मागे राहिलेल्याच्या ओळखी आटत जातात. ज्याचा धंदाच ओळखींचा आहे तो माणूस उमेदवाराला फुकट मिळतोय, पैसे कंपनी देते. मग नको का म्हणायचं?

हिंजवडीचा_चाकरमानी
'पैसे कंपनी देते' इथेच सगळं आलं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी.

हिशेब मांडतो. परमनंट भरतीत आपल्याकडे रूढ दर ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पॅकेजचा बारावा हिस्सा. दुर्मीळ कामासाठी जास्तही असतो. १८ लाखांच्या पॅकेजवर त्याचे झाले दीड लाख. आता तुम्ही अडून बसलात की १९ द्या. तुम्हाला वर्षाला लाख रुपये जास्त, त्याला एकदाच ८,३३०. आणि ताणाताणीत ऑफर फिसकटली तर त्याचे दीड लाख बुडाले. मग तो कोणाला समजावणार, कंपनीला की तुम्हाला? 'सर, मार्केट स्लो आहे, घेऊन टाका' हे वाक्य ज्याने ऐकलं नाही त्याने हात वर करावा.

शिवाय रेफरल. तुमचा जुना सहकारी आतून नाव देऊ शकत असेल आणि त्याआधीच रिक्रूटरने सीव्ही टाकलेला असेल, तर बहुतेक ठिकाणी रेफरल धरतच नाहीत. मित्राचा बोनसही गेला.

कणकवलीची_टेस्टर
दादा, हिशेब बरोबर आहे, पण ज्याच्या हातात ऑफर आहे त्याच्यासाठी. इथे ऑफरपर्यंत पोचण्याचीच मारामार आहे.

मी ऑटोमेशन टेस्टिंग करते, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणारे प्रोग्रॅम लिहिते. सीव्हीत 'क्यूए' (क्वालिटी ॲश्युरन्स, गुणवत्ता तपासणी) दिसलं की सरसकट भरती करणारे मला कॉल सेंटरमधल्या जागा पाठवायचे. तिथे क्यूए म्हणजे दुसऱ्यांचे फोन ऐकून मार्क द्यायचे. जावावाल्याला जावास्क्रिप्टची जागा पाठवणारे ते हेच.

नंतर फक्त टेस्टिंगमध्येच भरती करणाऱ्या एकाचा फोन आला. त्याने पगाराआधी विचारलं, सेलेनियमचे (टेस्ट आपोआप चालवणारं टूल) टेस्ट रोज रात्री चालतात की फक्त रिलीजच्या आधी? कधी पास कधी फेल होणाऱ्या टेस्टचं काय करता? पाइपलाइन लाल झाली की बिल्ड थांबतं, की कोणीतरी 'स्किप' मारतं? हे विचारणाऱ्याला काम कळतं. मग म्हणाला, टूलची यादी शेवटच्या पानावर ढकला, रिग्रेशनचा, म्हणजे नव्या बदलाने जुनं काही बिघडलं का ते पुन्हा तपासण्याचा, वेळ किती खाली आणला ते पहिल्या ओळीत घ्या. आणि मी कणकवलीत बसणार हे त्याने कंपनीला आधीच सांगून टाकलं, पावसात लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे, फायबर तुटला तर दुसऱ्या कंपनीचं सिम आहे, इथपर्यंत. इंटरव्ह्यूत त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे किती दिवस अंधार होता ते पुण्यातल्या मॅनेजरांनीही वाचलेलं असतं. आपण विषय टाळला म्हणून तो त्यांच्या डोक्यातून जात नाही.

वाडीतला_बागायतदार
मी आयटीतला नव्हे, मुलगा आहे. वाशीच्या दलालाला आम्ही जन्मभर शिव्या घातल्या, पण तो निदान पट्टी पाठवतो. किती पेट्या, काय भाव, हमाली किती, तोलाई किती. रिक्रूटरची पट्टी कधी कोणी बघितलीय? मुलाचा सीव्ही कुठेकुठे गेला, कोणी नाकारला, का नाकारला, कशाचा पत्ता नाही. सुरुवातीला दिवसातून तीनदा फोन, नंतर आपण केला तर उचलत नाहीत.

सोर्सिंगवाली
मी चिपळूणची, सध्या ठाण्यात टेक रिक्रूटमेंट करते. म्हणजे वरच्या सगळ्या शिव्या माझ्याच.

काका, तुमचं म्हणणं खरं आहे. एका जागेसाठी कंपनी तीन-चार एजन्सींना कामाला लावते, ज्याचा माणूस रुजू होईल त्यालाच पैसे. म्हणून नाकारलेल्या माणसाला फोन करायला कोणी वेळ घालवत नाही. कंपनीकडून आम्हालाही 'नॉट अ फिट' एवढेच तीन शब्द येतात. तरी तेवढे कळवायला काही पडत नाही, हे मान्य.

चाकरमानी, तुमच्या हिशेबात एक रकाना राहिला. उमेदवार करारातल्या मुदतीत, बहुतेकदा ९० दिवसांत, सोडून गेला तर आम्हाला बदली माणूस द्यावा लागतो किंवा फी परत. त्यामुळे नको तिथे कोणाला ढकलून माझा फायदा नसतो. आणि आणखी एक. नोटीस पिरियड ९० दिवसांचा. तेवढ्यात उमेदवार आमची ऑफर दाखवून दुसरीकडे वाढवून घेतो आणि जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद. ह्यावर धागा कोणी काढत नाही!

आता कामाचं. पहिल्याच फोनला विचारा, पेरोल कोणाचा? स्वतःला स्पेशालिस्ट म्हणवणारे बरेच जण प्रत्यक्षात माणूस स्वतःच्या पेरोलवर घेऊन कंपनीला भाड्याने देतात आणि दर महिन्याला मधला फरक ठेवतात. तसं काम वाईटच असतं असं नाही, पण पीएफच्या पासबुकात नाव त्यांचं येतं आणि प्रोजेक्ट संपला की पहिला नंबर तुमचा.

दुसरं, 'मी मेलवर हो म्हटल्याशिवाय सीव्ही कुठेही पाठवू नका' असं लिहून द्या. एकच सीव्ही दोन एजन्सींकडून गेला तर फीच्या भांडणात पडण्यापेक्षा कंपनी उमेदवारालाच वगळते.

देवगडचो_झील
बाये, पण कंपनीचा नाव खय सांगतास तुमी? 'लीडिंग एमएनसी'! तेचा काय लोणचा घालूचा?

सोर्सिंगवाली
नाव सांगितलं की लोक कंपनीच्या साइटवर थेट अर्ज करतात, आमची मेहनत पाण्यात. म्हणून पहिल्या फोनला सांगत नाही. पण सीव्ही जायच्या आधी सांगायलाच हवं. नाही सांगितलं तर सीव्ही देऊ नका.

राजापूर_ते_दोहा
पैशांचा विषय निघालाच आहे तर. देशातल्या नोकरीसाठी 'रजिस्ट्रेशन', 'लॅपटॉप डिपॉझिट', 'बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन'च्या नावाने उमेदवाराकडे पैसे मागणारा रिक्रूटर नव्हे. फोन ठेवा. आखातात जायचं असेल तर एजंटाची १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी, तेही पावतीसकट. आमच्या गावात ह्याच्या कितीतरी पट रोख मोजलेले लोक आहेत, आणि त्यात शिकलेलेही आहेत.

हिंजवडीचा_चाकरमानी
सगळं ठीक. पण धागा कोकणात राहण्याचा आहे, आणि तिथे रिक्रूटरचं काय चालतं? त्याच्या हातात कंपनीने दिलेला कागद, त्यावर 'पुणे, हायब्रिड', म्हणजे काही दिवस घरून, काही दिवस ऑफिसात. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस ऑफिसला बोलावलं, तिथे कुठला रिक्रूटर आडवा पडणार होता? अपवाद करून घेतो तो तुम्हाला ओळखणारा मॅनेजर, आणि तो मिळतो जुन्या सहकाऱ्यांतून. गणपतीला घरोघरी आयटीवालेच आलेले असतात. आरती झाली की विचारा.

खेडशी_बॅकएंड
विचारतो की! सगळे म्हणतात 'सीव्ही पाठव, बघतो'. गौरी-गणपती पोचवून परतीच्या गाडीत बसले की विसरले. त्यांनाही दोष नाही, त्यांच्या टीममध्ये जागा असेल तर देतील ना.

मॅनेजर अपवाद करतो तो ओळखीपायीच असं नाही, माणूस मिळत नाही म्हणूनही करतो. पेमेंटमध्ये रिकन्सिलिएशन (दोन्हीकडच्या नोंदींचा ताळमेळ) लिहिलेला, रात्री २ वाजता अडकलेले व्यवहार सोडवलेला माणूस जाहिरात देऊन सहज सापडत नाही. त्या टंचाईची किंमत मला एकट्याला वाजवून घेता येत नाही, त्याच क्षेत्रातल्या दहा कंपन्यांना माणसं पुरवणाऱ्याला येते. सरसकट जावावाल्याने ही अपेक्षा ठेवू नये, एवढं मी म्हणेन. फ्रेशरने तर नाहीच. त्याच्यासाठी कॉलेजचे सीनियर बरे.

पगाराचं म्हणाल तर कमीत कमी आकडा पहिल्याच फोनला सांगायचा आणि शेवटची घासाघीस स्वतः एचआरशी करायची. ती रिक्रूटरवर सोपवा असं मी कुठे म्हटलं?

कणकवलीची_टेस्टर
आणि रिमोट असेल तर ते ऑफर लेटरमधल्या 'वर्क लोकेशन'च्या ओळीत गावाच्या नावासकट हवं. तोंडी नको, व्हॉट्सॲपवर नको. त्याच ओळीत पुढे 'व्यवसायाच्या गरजेनुसार बदल' दिसलं की पुण्यात खोली शोधायला लागा.

हिंजवडीचा_चाकरमानी
ताई, ती ओळ नसलेलं ऑफर लेटर दाखवाच मला.

सोर्सिंगवाली
ती ओळ असतेच. पण सही व्हायच्या आधी बदलून मागता येते, आणि हे उमेदवारापेक्षा आम्ही मागितलेलं बरं, त्याच्याबद्दल कोणाचं मत वाईट होत नाही. छोट्या प्रॉडक्ट कंपन्या ऐकतात. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांचा साचा हलत नाही. म्हणून कोकणातून काम करायचंय म्हणणाऱ्याला मी तिकडे पाठवतच नाही.

हिंजवडीचा_चाकरमानी
म्हणजे निम्मं मार्केट तिथेच कापलं गेलं.

खेडशी_बॅकएंड
त्या निम्म्यात मला जायचंच नाहीये. सोर्सिंगवाली ताई, व्यनि केलाय. आधी पेरोल कोणाचा ते सांगा.