दुसऱ्याचं मन ओळखायला शिकवणारी चित्रपुस्तकं सुचवा (वय ३ ते ५)

केतकीपान
बालवाडीत १८ मुलं आहेत, ३ ते ५ वयाची. ढकलणं, ओरबाडणं, नव्या मुलाला खेळात न घेणं रोज चालतं. गोष्टीला २० मिनिटं मिळतात, पुस्तकांसाठी १५०० रुपये आहेत. तात्पर्य छापलेली पुस्तकं खूप आहेत, पण मुलं तात्पर्य घोकतात आणि लगेच शेजारच्याचा ठोकळा हिसकावतात. कोणती पुस्तकं घेऊ आणि वाचू कशी?

रानजाई
ताई, आहेत त्या पुस्तकांतल्या तात्पर्यावर आधी कागद चिकटवा. तात्पर्य आलं की मुलांचं चित्राकडे बघणं संपतं.

नवं पुस्तक घेताना मजकूर झाकून नुसती चित्रं बघा. चेहरे, खांदे, कोण कुणापासून किती लांब उभं आहे, यावरून काय चाललंय ते कळलं पाहिजे. सगळ्या पानांवर एकच हसू असेल तर पुस्तक परत ठेवा. हिसकावणाऱ्याने का हिसकावलं हेही दिसायला हवं, नाहीतर मुलं फक्त 'वाईट मुलगा कोण' एवढंच शोधतात.

माधुरी पुरंदरे यांचा 'राधाचं घर' हा ज्योत्स्ना प्रकाशनाचा संच जरूर घ्या. घरातलं एकेक माणूस त्याच्या सवयींसकट भेटतं, उपदेश कुठेच नाही. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकं स्वस्त असतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत आणि छापून घेता येतात. तुमच्या मुलांच्या वयाला वाचनाची पहिली पातळी पुरे. मात्र तिथे कुणीही अनुवाद टाकू शकतं, त्यामुळे मोठ्याने वाचून बघितल्याशिवाय वर्गात नेऊ नका.

बोरकूट
पुस्तकांइतकंच वाचण्यावर अवलंबून आहे. एकच पुस्तक पाच दिवस चालवा. पहिल्या दिवशी सलग वाचा, एकही प्रश्न नको. दुसऱ्या दिवसापासून तीनच ठिकाणी थांबा. पानोपानी थांबलात तर गोष्ट तुटते आणि मागची मुलं उठून जातात. प्रश्न विचारून मनात पाचपर्यंत मोजा. आपण फार लवकर उत्तर देऊन टाकतो.

'तिला कसं वाटलं?' विचारलं की सगळा वर्ग एका सुरात 'वाईऽऽट' म्हणतो. त्याऐवजी चित्रातली एकच गोष्ट दाखवा. समजा, झोपाळ्यापाशी एक मुलगी उभी आहे, फ्रॉकचं टोक मुठीत आवळलेलं, पाय झोपाळ्याकडे आणि मान दुसरीकडे. विचारा, 'हिचे हात काय करतायत? पाय कुठे वळलेत?' मुलं सांगतील. मग शब्द तुम्ही द्या : हिरमुसली.

हे शब्द द्यायला कंजुषी करू नका. रुसलेल्याला कुणी समजूत काढायला हवं असतं. हिरमुसलेल्याच्या शेजारी नुसतं बसलं तरी चालतं. ओशाळलेल्याकडे सगळ्यांनी टक लावून बघायचं नसतं. भेदरलेल्याला आधी हात लागतो, बोलणं नंतर. शब्द नेमका कळला की काय करायचं तेही अर्धं कळतं. 'वाईट वाटलं' मधून ते कळत नाही. आठवड्याला दोन शब्द खूप झाले, पण ते डब्याच्या वेळी आणि खेळतानाही कानावर पडू द्या.

माहितगार_०७
वयाप्रमाणे प्रश्न बदला. विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांच्या १९८३ च्या प्रयोगात मुलांना चॉकलेटची गोष्ट सांगितली होती. मुलगा बाहेर असताना आईने चॉकलेट दुसऱ्या कपाटात ठेवलं, तर तो परत येऊन कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं साधारण नवी जागा सांगतात, म्हणजे आपल्याला माहीत आहे ते त्यालाही माहीत असणार असं धरतात. चार-पाचच्या सुमारास हे बदलू लागतं. म्हणून धाकट्यांना 'त्याला काय हवंय?' विचारा, आणि 'त्याला काय वाटतंय की झालं असेल?' हे थोरल्यांना.

पात्रं माणसांची असतील तर बरं. टोरोंटोतल्या एका अभ्यासात ४ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन रूपांत वाचून दाखवली. माणसांची पात्रं असलेली ऐकल्यावर मुलांनी जास्त स्टिकर वाटले, कपडे घातलेल्या प्राण्यांच्या गोष्टीनंतर तसं झालं नाही. ससे-कोल्हे मजेसाठी ठेवा, पण या कामाला शेजारच्या घरासारखं घर असलेलं पुस्तक घ्या.

केतकीपान
खूप उपयोगी, आभार! दोन शंका. पात्र पडलं की काही मुलं हसतात, तेव्हा काय करू? आणि भांडण झाल्यावर लगेच त्या विषयाचं पुस्तक काढू का?

बोरकूट
हसण्यावर रागावू नका. धपकन पडणं या वयाला गमतीचंच वाटतं. हसू ओसरू द्या, मग त्याच पानावर बोट ठेवून 'आता हिचा गुडघा बघा' म्हणा.

भांडणानंतर पुस्तक अजिबात नको. मुलाला ती शिक्षा वाटते आणि ते पुस्तकच नावडतं होतं. दोन-तीन दिवस जाऊ द्या. पात्राच्या जागी वर्गातल्या मुलाचं नाव घालू नका आणि 'बघ, तो कसा शहाणा' हेही नको.

रानजाई
एक राहिलं. १८ जण एकदम बसवू नका, चित्रातला चेहरा मागच्यांना दिसतच नाही. सहा-सहाचे तीन गट करून अर्धगोलात बसवा, प्रत्येक गटाला सहा-सात मिनिटं. मदतनीस बाई बाकीच्यांना मातीकाम देतील. पुस्तक खांद्याशेजारी धरा, अंगठा खाली शिवणीपाशी, म्हणजे चित्र झाकलं जात नाही. मजकूर तिरका वाचावा लागतो, तेव्हा घरी दोनदा सराव करून जा.